फॉर्मवरची एक ओळ

एकाच पेशंटचे शौचाचे तीन नमुने आमच्या लॅबमध्ये आले आणि तिन्ही रिपोर्टांवर मी सही केली : 'ओव्हा, सिस्ट दिसले नाहीत', म्हणजे परजीवींची अंडी किंवा कवचातली रूपं सापडली नाहीत. फॉर्मवर 'स्टूल रूटीन' एवढंच होतं. दीड महिना पाण्यासारखे जुलाब, वजन झरझर उतरलेलं, एचआयव्ही आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) अवघा ३८, हे मला चौथ्या नमुन्याच्या वेळी वॉर्डातून फोन आला तेव्हा कळलं.

मग काचेवर पसरलेला थर, स्मिअर, मॉडिफाइड ॲसिड-फास्ट पद्धतीने केला : कार्बोल फुक्सिनने रंगवला, सौम्य सल्फ्युरिक ॲसिडने धुतला, वर मिथिलीन ब्लू दिला. निळ्यावर लालभडक, लांबट, टोकांकडे निमुळते ऊसिस्ट, परजीवीची कवचातली रूपं. २५ ते ३० मायक्रॉन, लाल रक्तपेशीच्या तिप्पट-चौपट. सिस्टोआयसोस्पोरा, आतड्यातला एकपेशीय परजीवी! एवढा मोठा जीव साध्या सलाइन माउंटमध्ये (न रंगवता, मिठाच्या पाण्यात पाहताना) सुटतो, कारण तो जवळजवळ पारदर्शक असतो आणि प्रत्येक नमुन्यात सापडतोच असं नाही.

सीडी४ २००च्या खाली घसरला की एरवी क्वचित दिसणारे जंतू पोटात ठाण मांडतात. क्रिप्टोस्पोरिडियम जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचा, पण पित्तनलिकेपर्यंत चढतो. मायक्रोस्पोरिडिया त्याहून बारीक, त्यांना रंगच वेगळा लागतो. ५०च्या खाली सायटोमेगॅलोव्हायरस आतड्याला व्रण पाडतो, कधी भोकही. पेशंट सांगतो ते मात्र बहुतेक वेळा सारखंच, जुलाब आणि पोटदुखी. सिस्टोआयसोस्पोराला साधं कोट्रायमोक्साझोल लागू पडतं. क्रिप्टोस्पोरिडियमवर तसं हमखास औषध नाही, तिथे एआरटीने (एचआयव्हीवरच्या औषधांनी) प्रतिकारशक्ती वर आणणं हाच मुख्य इलाज. त्यामुळे 'जुलाबाचं औषध' देऊन भागत नाही.

फॉर्मवर एचआयव्ही लिहिलं नव्हतं ते गुप्ततेसाठी, आणि गुप्तता पाळलीच पाहिजे. पण 'प्रतिकारशक्ती खूप कमी, मॉडिफाइड ॲसिड-फास्ट करावं' एवढं लिहिलं तरी आम्हाला पुरतं. कुणाचं काही उघड होत नाही. आणि कुणी लिहिलं नसेल, तर लांबलेल्या जुलाबाच्या नमुन्यावर फोन उचलून विचारणं हे माझं काम आहे. आता मी विचारते.

औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत जुलाब थांबले, एआरटीही सुरू झाली. आधीचे तीन नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले होते. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ते रंगवले. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात दोन ऊसिस्ट होते. तिसऱ्यात मोजायची गरजच पडली नाही.