तुम्ही विचारलंत म्हणून: एका अशिगारूला किती वेळ लागतो?

मी रंगवलेल्या चिमुकल्या जपानी शिपायांची रांग टेबलावर दिसली की दोन प्रश्न ठरलेले. ‘सामुराई कशाला, मावळे का नाहीत?’ हा एक. त्याचं उत्तर देता देता चहा गार होतो, म्हणून तो आज बाजूला. दुसरा: ‘एकाला किती वेळ लागतो हो?’ याला मी वर्षानुवर्षं ‘वीस मिनिटं’ असं ठोकून देत आलो. ती थाप होती. अगदी खोटं नाही म्हणता येणार, पण त्या वीस मिनिटांत फक्त हातात ब्रश असतानाची मिनिटं धरलेली होती, आणि तीही चांगल्या दिवसाची.

खरा हिशोब एकाचा होतच नाही, तो बाराच्या घाण्याचा असतो. 28 मिमी उंचीचे बारा अशिगारू, म्हणजे जुन्या जपानी सैन्यातलं साधं पायदळ. साच्याची रेघ खरवडून काढायची, कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचे, चिकटवायचे: दोन तास. ही रेघ राहिली तर प्रायमरखाली, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराखाली, दिसत नाही, ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश, फिरवला की हेल्मेटच्या मधोमध भांगासारखी उठून दिसते. धातूचे भाले साच्यातून येतात ते मऊ असतात, बोट लागलं की वाकतात. ते कापून 1 मिमीची स्टीलची तार लावा. टोक हातोडीने चपटं करून कानशीने पातं काढायचं. सोळाव्या शतकातला सरदार ओदा नोबुनागा, त्याच्या माणसांचे लांब भाले साडेतीन केन (जपानी माप), म्हणजे सहा मीटरच्या वर. या मापात ते 11 सेंटीमीटर होतात. एवढी तार 25 मिमीच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, उभी केली की शिपाई तोंडावर पडतो, म्हणून बेसखाली लोखंडी वॉशर.

आता रंग. मी बोलतोय ते तोकुगावा इएयासूचा सरदार इई नाओमासा याच्या तुकडीबद्दल. ताकेदा हे सरदार घराणं 1582 मध्ये बुडालं, त्यांची बरीच माणसं इएयासूने नाओमासाच्या हाताखाली दिली, आणि त्यांच्याबरोबर लाल चिलखतही आलं. इथे साध्या शिपायाचंही चिलखत लाल, आणि लाल रंगासारखा हट्टी रंग नाही. काळ्या प्रायमरवर तो थेट बसत नाही. आधी विटकरी तपकिरी, मग लालाचे दोन पातळ हात, मग खाचांत तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग. काळा वॉश नको, लाल मळकट होतो. उजाळा द्यायचा तो नारिंगीने. लालात पांढरा मिसळलात की गुलाबी झालाच म्हणून समजा. चिलखताच्या पट्ट्या बांधणाऱ्या दोऱ्या ब्रशच्या टोकाने रंगवू नका. ब्रशची कूस दोऱ्यांवरून आडवी ओढा, उंचवटा रंग घेतो, खाच गडद राहते. कपडे, कातडी, चिलखत, दोऱ्या मिळून बारा जणांचे नऊ तास.

पाठीवरच्या निशाणांचे, म्हणजे साशिमोनोचे, दोन तास. साध्या कागदावर छापून फेविकॉल लावलात तर शाई पसरते. आधी छपाईवर व्हार्निशचा फवारा, मग कापणं, मग पांढऱ्या कडा निशाणाच्याच रंगाने रंगवणं. रंगाने नाही, या कडांनीच हौशी काम ओळखू येतं. ताकेदांची चिन्हं हाताने जमतात: एक मोठा शंकरपाळा रंगवा, त्याच्या बाजूंना समांतर दोन बारीक काळ्या रेघा मारा, चार शंकरपाळे तयार. तोकुगावांच्या तीन पानांच्या चिन्हाच्या फंदात पडू नका.

आणि बेस. पूर्वी माझं ठाम मत होतं की जपान म्हटलं की चेरीच्या पाकळ्या हव्यात. गुलाबी कागदाचा चुरा करून बेसवर टाकत होतो. नागाशिनोची लढाई 1575 च्या जूनअखेरची, सेकिगाहाराची 21 ऑक्टोबर 1600 ची. जूनमध्ये कुठल्या पाकळ्या? ‘दिसायला छान दिसतं ना,’ असं तेव्हा म्हणायचो. छान दिसायचं, हे आजही नाकारत नाही. सेकिगाहाराला आदल्या रात्री पाऊस होता, सकाळी दाट धुकं. तेव्हा चहाच्या गाळणीने चाळलेली वाळू, फेविकॉल आणि गडद तपकिरी रंग कालवून चिखल करा, वाळल्यावर खड्ड्यांत ग्लॉस व्हार्निशचा थेंब सोडा. गवत हिरवंगार नको, काथ्याचे तुकडे वाळक्या गवताचं काम करतात. तोच चिखलाचा रंग स्पंजने पायांवर टिपा, नाहीतर माणूस ताटलीत उभा केल्यासारखा वाटतो. हे दोन तास, आणि वर वाळायला अख्खी रात्र.

बेरीज पंधरा तास. भागिले बारा, सव्वा तास. हे उत्तर द्यायला हरकत नव्हती, पण मग जुलै आला.

इईंचे चोवीस शिपाई, दोन घाणे, सगळे पूर्ण. फक्त निशाणं लावायची आणि मॅट व्हार्निश मारायचं राहिलेलं. बाहेर झड लागलेली, भिंतींना ओल. कॅनवर लिहिलेलं असतंच की दमट हवेत वापरू नये, आणि ते वाचलेलंही होतं. गॅलरीत पुठ्ठ्यावर चोवीस जण उभे केले, 25 सेंटीमीटरवरून हलका फवारा. पाच मिनिटं लाल चकाकत होते. मग खांद्यांवरून दुधाळ साय उतरायला लागली. दहाव्या मिनिटाला चोवीसच्या चोवीस जण गुलाबी.

नारिंगीने उजाळा देण्याची सगळी मेहनत जे टाळण्यासाठी, तेच झालं. कारण सरळ आहे: फवाऱ्यातलं द्रावण झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थरातच अडकतं. लांबून फवारल्यामुळे येणारा पांढरेपणा वेगळा. तिथे व्हार्निश हवेतच वाळतं आणि बोटाला खरखर लागते. इथे बोट गुळगुळीत फिरत होतं. घाबरून दुसरा हात मारला. हा शुद्ध मूर्खपणा, दूध घट्ट झालं.

अल्कोहोलमध्ये बुडवले असते तर व्हार्निशबरोबर पंधरा-पंधरा तासांचं कामही उतरलं असतं. ते टाळलं. दोन दिवस सुकू दिले, मग ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात दिला. सपाट भागांवरचं दूध जवळजवळ सगळं विरलं, लाल परत आला. त्यावर ब्रशनेच पाण्याचं मॅट व्हार्निश. सतरा जण सुटले. सात जणांच्या दोऱ्यांमधल्या खाचांत ब्रश पोचलाच नाही, तिथे पांढुरकं राहिलं. परत तपकिरी वॉश सोडून झाकलंय, दिव्याखाली धरलं की दिसतं.

या दुरुस्तीचे आठ तास कुणाच्या खात्यात टाकायचे? चोवीस जणांत वाटले तर प्रत्येकी वीस मिनिटं वाढतात. गंमत म्हणजे तोच माझा जुना आकडा. तेव्हा कुणी विचारलं तर कधी सव्वा तास सांगतो, कधी दीड, आणि घाईत असलो तर अजूनही वीस मिनिटंच. त्या सात जणांना मागच्या रांगेत ठेवलंय. त्यांची निशाणं छापून, कापून डबीत पडली आहेत, कडा रंगवायच्या आहेत.