तुम्ही विचारलंत म्हणून : पोरं कामाला कशी लागतात

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाई विचारतात, रंकाळ्यावर फिरताना भेटलेले जुने सहकारी विचारतात, आणि गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष तर दरवर्षी गणपतीच्या तोंडावर विचारतात, "मॅडम, तुमच्याकडं पोरं कशी यायची हो? आमची नुसती मोबाईल घेऊन बसत्यात. समाजाचं काही करा म्हटलं की पसार." कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी अकाउंट्स शिकवत होते आणि काही वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, काम माझ्याकडं होतं. आजवर या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देत आले. आज बसून देते.

पोरं येतात. निदान आपल्या गावात तरी त्यांना आमंत्रण लागत नाही. शिवाजी पेठेत नाहीतर मंगळवार पेठेत एक हाक मारा, पाच मिनिटांत पंचवीस जण गोळा होतात. फुटबॉलची मॅच असो, मिरवणूक असो, नाहीतर रात्री दोन वाजता सीपीआर रुग्णालयात कुणाला तरी रक्त लागलेलं असो. खरा प्रश्न आहे तो ती दुसऱ्यांदा का येत नाहीत हा. आपण त्यांना खुर्च्या लावायला बोलावतो, सतरंज्या उचलायला बोलावतो, फोटोत मागं उभं राहायला बोलावतो. काय करायचं, कुणासाठी, किती पैशांत, हे मोठ्यांच्या बैठकीत आधीच ठरलेलं असतं.

माझ्या पहिल्या शिबिरात मी हेच केलं. सात दिवसांचं निवासी शिबिर, करवीर तालुक्यातलं गाव, शोषखड्डे खणायचं काम. कुठं खणायचं ते मी ठरवलं, कुणी खणायचं ते मी ठरवलं, वेळापत्रक भिंतीवर मी लावलं. पोरांनी हाताला फोड येईपर्यंत खणलं. पाचव्या दिवशी एका आजींनी खड्ड्यात उतरलेल्या पोराला विचारलं, "बाळा, ह्यो भरला म्हंजे फुडं काय करायचं रं?" तो माझ्याकडं बघायला लागला. सांडपाणी जमिनीत मुरावं, दारात डबकं होऊन डास वाढू नयेत म्हणून हे खड्डे असतात, आणि गाळानं भरले की आतले दगड काढून धुवायला लागतात, यातलं काहीच मी त्यांना सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांतली नऊ पोरं परत आली. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्याचे सवलतीचे गुण मिळतात. त्या नवांतलीही काही तास भरायलाच आली होती. गुणांच्या आशेनं पोर दारापर्यंत येतं, आत रमत नाही.

माझे डोळे उघडले ते ऑगस्ट २०१९ मध्ये.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तिकडं प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्यात. इकडं शहरात सुतारवाडा, कुंभार गल्ली, दुधाळी पाण्यात. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यानं पेट्रोल, भाजी सगळं अडकलं. उपसा केंद्रंच बुडाली, त्यामुळं गावाला पाण्याचा वेढा आणि घरात नळ कोरडे.

एका शाळेच्या हॉलमध्ये आमची पोरं मदतीला गेली. पहिला दिवस नुसता गोंधळात गेला. बिस्किटांचे पुडे, ब्रेड, जुन्या कपड्यांचे ढीग. कुणी कुणाला काय दिलं, पत्ता नाही. दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा होता, तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, माझ्या तासाला कायम शेवटच्या बाकावर. तो म्हणाला, "मॅडम, एक वही द्या की." माझ्या पिशवीत एक कोरी वही होती. पट्टी नव्हती, म्हणून त्यानं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्याच्या कडेनं रकाने आखले. नाव. गाव. घरात माणसं किती. लहान मूल. म्हातारं माणूस. चालू गोळ्या. आणि शेवटचा रकाना, जनावरं कुठं आहेत.

हा शेवटचा रकाना माझ्या डोक्यात जन्मात आला नसता. त्याचं आजोळ चिखलीकडचं. "म्हशी कुठं बांधल्यात हे कळल्याबिगर ती माणसं जेवायची न्हाईत, मॅडम." आणि तसंच होतं. सकाळपासून ताट पुढ्यात ठेवून बसलेले एक आजोबा, त्यांची जनावरं वर माळाला सुखरूप आहेत असा फोन लागला तेव्हा जेवले. त्याच वहीतून संध्याकाळपर्यंत इन्सुलिनवर असलेली चार माणसं सापडली. शेजारच्या मेडिकलवाल्यानं त्यांच्यासाठी आपल्या फ्रिजमध्ये जागा करून दिली.

त्याच हॉलमध्ये एक मुलगी होती, फारशी न बोलणारी. बायका वाटपाच्या टेबलापर्यंत येतात आणि काही न घेताच मागं फिरतात, हे तिच्या लक्षात आलं. टेबलापाशी सगळी पोरंच उभी. "मी बघतो की मॅडम," म्हणाली. (आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, मी येतो, मी करतो, बाहेरच्यांना नवल वाटतं.) तिनं कोपऱ्यातला एक वर्ग मागून घेतला, खिडक्यांना चादरी लावल्या, आत बाकांवर पॅड, परकर, आतले कपडे मापाप्रमाणं मांडले आणि दाराशी स्वतः बसली. बाईनं आत जायचं, हवं ते उचलायचं, बाहेर यायचं. यादी नाही, सही नाही. "मागायला लागू नये," एवढंच तिनं मला कारण सांगितलं. वीस वर्षं शिकवून मला जे सुचलं नाही ते एकोणिसाव्या वर्षी तिला सुचलं, कारण त्या दिवशी विचार करायची मुभा तिला होती.

तिसऱ्या दिवशी एक मोठे गृहस्थ आले. प्रत्येक पिशवीवर त्यांचा फोटो छापलेला, सोबत कॅमेरेवाले. मदत घेणाऱ्याचा फोटो काढू द्यायचा नाही, असं पोरांनी आपसात ठरवलं होतं. गोलकीपर पुढं झाला. "साहेब, ढिगाचा फोटो काढा की. माणसांचा नको." साहेब तडकाफडकी निघून गेले. रात्री मला फोन आला, तुमची पोरं उद्धट आहेत, त्यांना समज द्या. मी समज दिली नाही. सकाळी जाऊन तो नियम खडूनं दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि खाली माझी सही केली. आपण मोठ्यांनी करायचं काम हे आहे असं मला तेव्हापासून वाटतं. पोरांनी बरोबर ठरवलं असेल तर त्याखाली सही आपली असावी, म्हणजे बोलणी खायची वेळ आली तर ती आपल्याला बसतील.

आई-वडिलांचा प्रश्न वेगळा असतो आणि तो रास्त असतो. "पाण्यात-बिण्यात जाणार नाही ना?" नाही. पोहता येणारं पोरही पुराच्या पाण्यात उतरणार नाही, हा माझा एकच न मोडायचा नियम होता. बोटी चालवायला एनडीआरएफ आहे, अग्निशमन दल आहे, आपल्या गावचं बचाव पथक व्हाईट आर्मी आहे. ती शिकलेली माणसं. कॉलेजच्या पोरांनी काठावर राहायचं, जोडीनं फिरायचं, गाळात उतरताना गमबूट घालायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असायचं. अभ्यासाचं म्हणाल, तर मार्च-एप्रिलमध्ये मी कुणालाही हाक मारली नाही. आठवड्याला दोन तास नेमानं देणारं पोर मला हवं असतं, महिनाभर घर सोडून पळणारं नको.

दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालायला आपण पोरांना नेतो आणि महाराजांचं वय सांगायचं विसरतो. १८९४ साली राज्याचा कारभार हातात आला तेव्हा त्यांना वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मराठा विद्यार्थ्यांचं पहिलं बोर्डिंग १९०१ चं, तेव्हा ते सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं, त्या समारंभाला कोल्हापुरात शिकणारा एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्यानं शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यापायी त्याला राहतं वसतिगृह सोडावं लागलं. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. नकार त्याच्या कितीतरी आधीचा. उद्धट पोरांबद्दल कुणी तक्रार केली की मला हे आठवतं.

द्यायचं म्हटलं तर पोरांकडं पैसा नसतो, आणि आपण देणं म्हणजे पैसाच धरून बसतो. रक्ताचं बघा. वय अठरा पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, एवढं असलं की देता येतं. आमच्या शिबिरात दरवेळी मुलींची रांग लागायची आणि त्यांतल्या कितीतरी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जायच्या. एक जण त्या टेबलापाशीच रडायला लागली. घरी कुणी कधी तपासलंच नव्हतं. डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि तिनं वर्गातल्या सगळ्या मुलींना तपासणीला ओढून नेलं. सहा महिन्यांनी ती रक्त देऊन आली तेव्हा दंडाला लावलेली चिकटपट्टी दिवसभर काढली नाही.

पुढं या मुलींनीच मला एक प्रश्न केला. जयंतीच्या एकाच दिवशी शंभर बाटल्या काढायच्या आणि मे महिन्यात सुट्टी लागली की रक्तपेढी ओस, हे कसं चालेल? प्लेटलेट पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे. मुलांना तीन महिन्यांनी, मुलींना चार महिन्यांनी परत देता येतं. मग त्यांनी वर्षाचं कॅलेंडर घेतलं आणि प्रत्येक महिन्यापुढं नावं लिहिली, मे महिन्यापुढं गावातच राहणाऱ्यांची. मंडळाच्या मोठ्या शिबिराला हे काही मानवलं नाही, आकडा लहान दिसतो म्हणून. पण मे महिन्यात फोन आला की त्या यादीतून माणूस मिळायचा.

आणि पैसा हातात द्यायचा तर तो खराच द्यावा. मी अकाउंट्सची बाई, म्हणून हे माझ्या फार जवळचं. शिबिराच्या खर्चाची रक्कम, पावतीपुस्तक आणि वही मी एका पोराकडं सोपवत असे. एकदा ३४० रुपये जुळेनात. पोराचा चेहरा पांढरा पडला. खिशातून भरतो म्हणाला. मी भरू दिलं नाही. दोघं मिळून रात्री अकरापर्यंत एकेक पावती लावत बसलो, तेव्हा टेम्पोचं भाडं लिहायचं राहिलं होतं ते सापडलं. टेम्पोवाल्यानं पावतीच दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी हा गडी त्याच्याकडं जाऊन कागदाच्या चिठोऱ्यावर सही घेऊन आला आणि सगळा हिशेब मंडळाच्या फळ्यावर लिहिला, पै न् पै. गावातली माणसं थांबून वाचत होती. पुढच्या वर्षी त्या गावानं न मागता तांदूळ दिले. अध्यक्षसाहेब, तुमचं पावतीपुस्तक कुणाच्या ताब्यात आहे, हे मला एकदा सांगा. वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या नसेल, तर त्याला मिरवणुकीत ढोल बडवण्यापलीकडं करण्यासारखं काय उरतं?

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. एव्हाना एनएसएसचं काम माझ्याकडं नव्हतं. मास्क लावून, छत्री घेऊन मी घराजवळच्या एका शाळेत गेले. तिथं माणसं आणून ठेवली होती. दारात टेबलामागं एक अनोळखी पोरगा, मिसरूडही नीट फुटलेलं नाही. मला बघून उभा राहिला, खुर्ची पुढं केली आणि वही उघडली. "बसा काकू. नाव सांगा. घरात माणसं किती?"

मी वहीकडं बघत राहिले. नाव, गाव, माणसं, लहान मूल, म्हातारं माणूस, चालू गोळ्या, जनावरं कुठं आहेत. एक रकाना नवा होता, ताप आहे का. हे रकाने कुणी सांगितले विचारलं तर म्हणाला, आमच्या दादानं. दादाला कुणी सांगितले ते त्याला माहीत नव्हतं.

माझं घर बुडलेलं नाही, मी सहज आले, असं म्हटल्यावर त्यानं वही मिटली. आतल्या खोलीकडं बोट केलं.

"मग काकू, मोकळ्या असला तर तांदूळ निवडायला बसता काय?"