चक्की बंद, गाणं चालू

माझ्या चक्कीत रेडिओ नाही. असून उपयोगही नाही. दहा हॉर्सपॉवरची मोटर सुरू झाली की समोरचा काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. तरी दारव्हा तालुक्यातल्या या पत्र्याच्या खोलीत जितकी गाणी वाजतात तितकी एखाद्या डीजेवाल्याकडेही नसतील. ती ज्याची त्याच्या डोक्यात वाजतात, एवढंच.

याचं मूळ चक्कीच्या पट्ट्यात आहे. पट्टा जिथं जोडलाय तिथं लोखंडी क्लिपा आहेत. तो जोड पुलीवरून गेला की टक्. पुन्हा फिरून आला की टक्. दिवसभर टक्-टक्-टक्, प्रत्येक ठोका सारखा, कुठं कमी नाही की जास्त नाही. मी गावच्या भजनी मंडळात ढोलक वाजवतो, त्यामुळे माझ्या कानाला ते तसं सारखं ऐकूच येत नाही. गहू चालू असला की मला चार-चारचा केहरवा ऐकू येतो. पावसाळ्यात कोणी सर्दावलेली जवारी आणली की पाट जड होतात, पट्टा घसरतो, ठोका लांबतो, आणि तोच पट्टा तीन-तीनच्या दादऱ्यात शिरतो. ठेका बदलला की डोक्यातलं गाणं बदललं. मधे मी काहीच करत नाही, फक्त डब्याखालचं पीठ चिमटीत धरून पाहतो.

हा माझ्या एकट्याचा चक्रमपणा असेल असं पुष्कळ वर्षं वाटायचं. मग कळलं की 1894 सालीच थॅडियस बोल्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हे तपासून ठेवलंय. त्यानं लोकांना सारख्या अंतरानं, सारख्या जोराच्या टिकटिकी ऐकवल्या. लोक म्हणाले, दोन-दोनचे गट ऐकू येतात, कोणी म्हणालं तीन-तीनचे, कोणी चार-चारचे. टिकटिकीत गट नव्हतेच, ते ऐकणाऱ्यानं केले होते. माझ्या पट्ट्यात तरी कुठं केहरवा आहे?

दळणाला आलेल्या बायकांकडे पाहा म्हणजे पटेल. चौघी रांगेत बसलेल्या असतात, डबे पुढ्यात. आवाजात बोलणं शक्य नाही म्हणून गप्प. थोड्या वेळानं एकीचा पाय हलायला लागतो, दुसरीची मान. ओठ चौघींचेही पुटपुटतात, पण वेगवेगळं. सरपंचाच्या घरच्या वयनी हिंदी सिनेमात असतात, त्यांच्या सासूबाई हरिपाठात.

खरी गंमत लाइन गेल्यावर. आमच्याकडे लाइन जायला कारण लागत नाही. वारा सुटला, गेली. नाही सुटला, तरी गेली. मोटर घरघरत थांबते, पट्टा शेवटचे दोन-तीन ठोके देऊन लोंबतो, आणि एकदम चौघींचा आवाज उघडा पडतो. एक बाई मोठ्यानं गात असते आणि तिला पत्ताच नसतो. मग सगळ्या हसतात, ती पदर तोंडाला लावते. पण गाणं थांबलेलं नसतं. मी गल्ल्यावर पिसाईचे सुटे मोजतो ते त्याच तालात.

आवाज नसताना गाणं कुठं वाजतं, हे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या लोकांनी मशीनमध्ये पाहिलं. 2005 साली ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. माणसांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवून गाणी लावली आणि मधेमधे आवाज बंद केला. आमची लाइन जाते तसाच, न सांगता. गाणं ओळखीचं असेल तर त्या बंद जागेतही मेंदूचा ऐकण्याचा भाग कामाला लागलेला दिसला. लोकांना कोणी ‘मनात म्हणा’ असं सांगितलं नव्हतं. अनोळखी गाण्याला असं फारसं झालं नाही. म्हणजे लाइन गेल्यावर चक्कीत जी शांतता होते ती माझ्या कानापर्यंतच असते, आत मोटर चालू.

आता चक्कीवाल्याच्या घरातली एक गोष्ट सांगतो, कारण ती या धंद्याशी नीट जुळत नाही. बाबांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात पहिलं डिझेल इंजिन आणलं. धुराड्यावर पत्र्याचा डबा बसवलेला, त्याचा पुक्-पुक्-पुक् आवाज शेजारच्या गावापर्यंत जायचा. चक्की सुरू आहे हे त्या आवाजावरून कळायचं. ज्या दिवशी इंजिन आलं त्या दिवसापासून गावातली जाती एकेक करून भिंतीला टेकली. जात्याबरोबर ओव्याही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे 2017 पासून ‘परी’ या संकेतस्थळानं त्यातल्या कितीतरी लोकांपुढे ठेवल्या, काही आवाजासकट, म्हणून आज कोणालाही ऐकता येतात. आमच्या गावाच्या ओव्या मात्र बाबांच्या इंजिनानं गिळल्या, आणि त्या पिसाईवर मी शिकलो.

माय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तिला एकदा म्हटलं, “माय, ते बंधूची ओवी म्हण न.”

तिनं सुरू केली, “बंधू माहा येते, घुंगराची गाडी…” आणि अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा तिथंच.

“आता कुठची येते बाप्पा,” म्हणाली. “हात रिकामे हायेत न.”

ते मला कारण वाटलं नाही, बहाणा वाटला. पण फाल्गुनात तूर घरी आली. आमच्याकडे तुरीची डाळ अजून घरीच भरडतात, त्यापुरतं जातं शाबूत आहे. माय खुंटा धरून बसली. पहिला घास टाकला, दुसरा टाकला, आणि तिसऱ्या फेऱ्याला कोणी न सांगता अख्खी ओवी बाहेर आली:

बंधू माहा येते, घुंगराची गाडी
शिवंवरून ओयखते, बैलायची जोडी

पुढच्या दोन-चारही आल्या. हात थांबला की ओवी थांबायची. मी मोबाइल काढून समोर धरला तर तिनं एवढ्या मोठ्यानं झापलं की रेकॉर्डिंगमध्ये ओवीपेक्षा माझाच उद्धार जास्त आहे. पण त्या दिवसापासून मी असं मानतो की डोक्यात अडकलेलं गाणं निव्वळ डोक्यात नसतंच. ते हातात असतं, पायात असतं, कामाच्या ठोक्यात असतं. काम मिळालं की वर येतं. चक्कीनं मायच्या हातचं काम घेतलं म्हणून तिची ओवी खाली गेली, आणि त्याच चक्कीच्या पट्ट्यावर माझ्या डोक्यात भलतीच गाणी चढली.

भलती म्हणजे किती भलती ते सांगतो. मिरगाच्या आधी गावोगाव बियाण्याच्या जाहिरातीच्या गाड्या फिरतात. टपावर भोंगा, आणि गाजलेल्या एखाद्या चालीत कोंबलेलं कपाशीच्या वाणाचं नाव. गाडी गावात येते दहा मिनिटं, पण गाणं दिवाळीपर्यंत राहतं. मागच्या हंगामात आमच्या वावरात वेचणी चालली होती. बायका ओटीत कापूस भरताना तेच गाणं म्हणत होत्या, एका तालात, कंबर न मोडता. आणि कापूस होता दुसऱ्याच कंपनीच्या बियाण्याचा. ज्यानं ते गाणं केलं त्याला शोधून सत्कार केला पाहिजे, किंवा दोन दिवस कापूस वेचायला लावलं पाहिजे.

अशी गाणी का चिकटतात, यावर इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाच्या केली याकुबोव्स्की आणि त्यांच्या सोबत्यांचं 2016 सालचं काम आहे. त्यांनी 3 हजार लोकांना विचारलं, कोणतं गाणं डोक्यातून जात नाही. मग त्या गाण्यांच्या चाली तपासल्या. चिकटणारी गाणी जरा जलद निघाली. चालीचा आकार साधा, लहान मुलांच्या गाण्यासारखा, सूर आधी चढतो आणि मग उतरतो. आणि त्या साधेपणात मधेच एखादी अनपेक्षित उडी किंवा तोच सूर पुन्हापुन्हा. ती गाणी सगळी इंग्रजी पॉप होती, पण मला वाचताना आमच्या पोरींची भुलाबाई दिसत होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी तीच गाणी, तोच चढउतार, एक प्रश्न आणि एक उत्तर, आणि कडवं संपता संपता पुढच्या कडव्याचा धागा. माझी पुतणी खिरापत खाऊन घरी येते, हात धुताना तेच, झोपेत तेच. तिच्या आजीला साठ वर्षांपूर्वी तीच चाल चिकटली होती. त्यासाठी कोणाला भोंगा लावावा लागला नाही.

आणि मुद्दाम चिकटवणारेही होऊन गेले, तेही आमच्याच मुलखात. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारायचे, माणसं उत्तरं द्यायची, आणि मधेमधे ‘गोपाला गोपाला’चा गजर. बाबांनी पोथी वाचून दाखवली नाही. ज्या माणसाला अक्षर येत नाही तो घरी जाताना काय घेऊन जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गजर डोक्यात राहिला की त्याच्या शेपटीला धरून झाडलोटही राहते आणि कर्ज काढून लग्न करू नका हेही राहतं. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीपाशी बाबा गेले. माझा जन्म त्याच्या कितीतरी नंतरचा. तरी तो गजर मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही, येतो मात्र. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचंही तेच. आमच्या मंडळात खंजिरी वाजायला लागली की ढोलक बाजूला ठेवून मीही कोरसमध्ये जातो, आणि दुसऱ्या दिवशी चक्कीत पट्टा आपोआप तिच्या चालीवर येतो. अशा दिवशी काम जास्त होतं. बियाण्याच्या गाण्यावरही होतं, खोटं कशाला बोलू, पण त्या दिवशी संध्याकाळी चिडचिड असते.

रात्रीचा प्रकार वेगळा. लग्नसराईत बँड असतो, नवरदेव मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत यायला दोन तास लावतो, आणि अकरा वाजता आपण अंगणात खाटेवर पडलो की बँड पुन्हा सुरू होतो. डीजेपेक्षा बँडनं जास्त छळ होतो असं मी म्हणायचो तेव्हा पोट्टे हसायचे. 2021 साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या मायकल स्कलिन यांनी माणसांना झोपायच्या आधी गाजलेली गाणी ऐकवली, काहींना शब्दांसकट आणि काहींना नुसती वाद्यांवर. नुसत्या वाद्यांवरची गाणी डोक्यात जास्त फिरली आणि त्यांनी झोपही जास्त बिघडवली. मला त्याचं कारण बँडवाल्याच्या क्लॅरिनेटमध्ये दिसतं. तो चाल देतो, शब्द देत नाही. मग शब्दांची हमाली रात्रभर आपण करायची.

यावर उपाय काय, हे चक्कीवर सगळे विचारतात. आपण एकटेच बिघडलोत असं कोणी समजू नये. फिनलंडमध्ये 12 हजारांहून जास्त लोकांना विचारलं तेव्हा दहातल्या नऊ जणांनी आठवड्यातून एकदा तरी असं होतं म्हणून सांगितलं. माझा स्वतःचा उपाय म्हणजे गाणं शोधून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं. अडकतो तो बहुतेक वेळा दीडच ओळीचा तुकडा असतो, पुढचं येत नसतं म्हणून मन त्याच जागी घिरट्या घालतं. पूर्ण ऐकलं की माझं तरी सुटतं. कधी कधी दुसरं कडवंही अडकतं, ती जोखीम आहे.

दुसरा उपाय इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाचा, 2015 सालचा. फिलिप बीमन आणि त्यांच्या सोबत्यांनी लोकांना चिकट गाणं ऐकवलं आणि नंतर काहींना च्युइंगम चघळायला दिलं. चघळणाऱ्यांच्या डोक्यात गाणं कमी वेळा आलं. मनातल्या मनात गाताना आपला जबडा आणि जीभ जी बारीक तयारी करत असतात, ती चघळण्यानं मोडते, असा त्यांचा हिशोब.

हे मी एका संध्याकाळी चक्कीच्या ओट्यावर वाचून दाखवलं. चूक नको तिथं झाली. ओट्यावर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या गालात खर्रा होता.

“पाय भाऊ,” एक जण पिचकारी सावरत म्हणाला, “आमी काय उगाच खातो काय? बायको म्हनते सोड, अन् इकडे सायंटिस्ट म्हनते चघळ.”

“काकाजी, ते च्युइंगम हाय. सुपारी-तमाखू नाही. तुमचं गाणं जाईन, पण जबडाही जाईन.”

“मंग आमच्या डोक्शात गानं काऊन अडकत नाही?”

“तुम्ही तर आत्ताच बियाण्याचं म्हणत होते.”

ओटा हसला, पण काकाजींना राग आला. दुसऱ्या दिवशी दळण दुसऱ्या गावच्या चक्कीवर नेलं म्हणे. चार दिवसांनी परत आले, तिथलं पीठ जाड येतं म्हणून. पुडी खिशात होती, तरी बसल्या बसल्या त्यांनी माझ्याकडे फुटाणे मागितले. आता गल्ल्यापाशी फुटाण्यांची बरणी असते. पोरं दळण मोजायच्या आधीच तिच्यात हात घालतात, त्यामुळे बरणीला झाकण घट्ट बसणारं आणायचं आहे.