मामा, मी ऑपरेशनला पुण्याला का येत नाही

परवा दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला की उद्याचं हृदयाची झडप बदलण्याचं ऑपरेशन रद्द, अतिदक्षता विभागातली खाट रात्रीत आलेल्या एका पेशंटला द्यावी लागली. बॅग भरून दारात ठेवली होती, नवऱ्याने सुट्टी टाकली होती, मुलीची शेजारच्या बाईंकडे सोय केली होती. फोन करणाऱ्या बाईंनी तीनतीनदा माफी मागितली. मला राग आलाच, खोटं कशाला सांगू. पण जो पेशंट आला त्याची वेळ माझ्याआधीची होती हेही मला पटतं, आणि हे पटणं पुण्यातल्या माणसांना कसं समजवायचं ते कळत नाही म्हणून हे लिहायला बसले.

कारण संध्याकाळी मामांचा फोन आलाच. "अगं, तिकीट काढ आणि सरळ ये. कोथरूडपासून स्टेशनपर्यंत हार्टची हॉस्पिटलं आहेत, आठवड्यात मोकळी होशील. तिकडे कसली वाट बघत बसलीयेस?" मामा चुकीचं बोलत नाहीत. इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवेत 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे, आणि तो कित्येकांच्या बाबतीत पाळला जात नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात पैसे भरले की तारीख मिळते.

माझं दुखणं पुण्याचंच आहे तसं. शाळेत असताना घसा धरला, मग ताप, मग गुडघे सुजले, आणि नारायण पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून आईला तिथल्या तिथे सांगितलं की हा संधिवाताचा ताप आहे आणि झडपेवर परिणाम झालाय. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आई लुनावरून घेऊन जायची. कुठलंही मोठं मशीन नसताना केलेलं ते निदान इतक्या वर्षांनी इथल्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तसंच्या तसं दिसलं: मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली, जाड आणि अरुंद. इथल्या सर्जनना मी हे मुद्दाम सांगितलं. आणि आपल्याकडे तिरुवनंतपुरमला बनवलेली चित्रा व्हॉल्व्ह ही कृत्रिम झडप 1990 मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली हेही सांगितलं, ते नीट ऐकून घेत होते.

झडप अरुंद म्हणून वरचा डावा कप्पा फुगला, आणि फुगलेला कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो, त्यामुळे ठोक्यांना ताल उरत नाही. हे कसं वाटतं ते सांगते. जिना चढताना अर्ध्यावर छातीत एकदम पाखरू सापडल्यासारखी फडफड, मग एक ठोका गायब, मग तीन घाईघाईने. रात्री डाव्या कुशीवर झोपले की उशीतून ऐकू येतं, म्हणून आता उजव्या कुशीवर, दोन उशा घेऊन. पोळ्या खुर्चीवर बसून लाटते. मनगटावरच्या घड्याळाचे इशारे बंद केलेत, कारण दर वेळी ते वाजलं की भीतीनेच धडधड वाढायची.

आता नर्सबद्दल लिहिते, खरं तर त्यांच्याबद्दलच लिहायचं होतं. इथे ठोक्यांच्या अनियमिततेसाठीच वेगळ्या नर्स असतात. पहिल्या भेटीत माझ्या नर्सनी मशीन बाजूला ठेवलं, माझं मनगट हातात घेतलं, दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट गप्प बसल्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, ताल नसेल तर ते चुकतं म्हणाल्या. बीपीसुद्धा पट्टा हाताने फुगवून, कानाला स्टेथोस्कोप लावूनच घेतलं, कारण असे ठोके असताना आपोआप चालणारी मशीन फसतात. मग माझीच बोटं माझ्या मनगटावर ठेवून शिकवलं. इतक्या शांतपणे मला कोणी हात लावून तपासलं ते नारायण पेठेनंतर पहिल्यांदाच. पुण्यात आता मोठ्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मान वर न करता रिपोर्ट वाचतात, हा माझा गेल्या भेटीतला अनुभव आहे, मामांना राग आला तरी.

परवाच्या फोननंतर पुन्हा त्याच नर्स मदतीला आल्या. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात, म्हणून मला रक्त पातळ ठेवणारं वॉरफरीन चालू आहे. ऑपरेशनसाठी ते काही दिवस आधीपासून बंद केलेलं, आणि ऑपरेशनच नाही. आता गोळी परत सुरू केली तरी तिचा परिणाम यायला दिवस लागतात, तोवर तेच काम लगेच करणाऱ्या हेपरिनची पोटात इंजेक्शनं. त्यांनी स्वतःहून फोन केला, डोस सांगितला, पोटाची चिमूट कशी धरायची, सुई सरळ कशी घालायची ते व्हिडिओवर बघत माझ्याकडून करून घेतलं, आणि म्हणाल्या, चेहरा वाकडा झाला, हात उचलला नाही, बोलणं अडखळलं तर कोणाला विचारत न बसता 999 ला, म्हणजे इथल्या ॲम्ब्युलन्सला, फोन. वॉरफरीनच्या नोंदींच्या पिवळ्या पुस्तकात आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, लिहायची तारीखही देऊन टाकली. दोन आणि तीनच्या मध्ये ठेवायचा आहे. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून आईला वाटतं मेथी, पालक बंद करायला हवं. बंद नाही आई, दर आठवड्याला साधारण सारखं खायचं, एकदम जुडीभर नाही.

तर मामा, कारणं ही. मेकॅनिकल झडप बसली की वॉरफरीन जन्मभर, आणि तपासण्या जिथे राहते तिथेच होणार. ऑपरेशननंतर छातीचं हाड जुळेपर्यंत महिने जातात, ते सदाशिव पेठेतल्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर कसे काढू? तुम्ही सगळे धावून याल हे माहीत आहे. इथे कोणी डबा घेऊन येत नाही, ते खुपतं, रोज खुपतं. पण मुलीची शाळा इथे आहे, आजारपणाची पगारी रजा इथे आहे, आणि ऑपरेशनचं एक पैसाही बिल येणार नाही. पुण्यात बाबांची एफडी मोडावी लागली असती. ते मोडायला तयार आहेत म्हणूनच मला यायचं नाही.

नवी तारीख अजून आलेली नाही. आईच्या व्हिसाचे कागद मात्र दिलेत. मामा, तिला मुंबईच्या विमानतळापर्यंत तुम्हीच सोडा, आणि बॅगेत लोणच्याच्या बरण्या कमी, मेतकूट जास्त भरायला सांगा, मला मीठ जपून खायचंय.