भुसावळहून पायकॉनला: बंगळूरच्या परिषदेचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

२०२४च्या सप्टेंबरात बंगळूरच्या निम्हान्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरलेल्या पायकॉन इंडिया या, पायथन ही संगणकीय भाषा वापरणाऱ्यांच्या परिषदेला मी जळगावहून गेलो होतो. बारा वर्षे सॉफ्टवेअरचे काम करूनही एवढ्या मोठ्या परिषदेला जाण्याची माझी ही पहिलीच वेळ होती. खानदेशातून पुढे कोणी जाणार असेल, तर माझ्या हातून झालेल्या चुका त्याला टाळता याव्यात, म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

आधी आमच्या कामाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. आमची कंपनी चार जणांची आहे आणि रावेर व यावल तालुक्यांतील केळी खरेदीदारांसाठी आम्ही हिशेबाचे सॉफ्टवेअर करतो. घड कापल्यानंतर काट्यावर भरलेले वजन, त्या दिवशीचा भाव, शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल आणि शेवटी त्याच्या हाती पडणारी रक्कम असा सारा हिशेब त्यात असतो. या कामाची मला कधीच लाज वाटली नाही. मात्र मोठ्या शहरातील मंडळींसमोर ते सांगण्यासारखे आहे, असेही बंगळूरला जाईपर्यंत वाटले नव्हते.

प्रवास सोपा आहे. कर्नाटक एक्स्प्रेस भुसावळहून मनमाड, दौंड, सोलापूर या मार्गाने थेट बंगळूरला जाते आणि साधारण एक दिवस घेते. धुळ्याकडच्या मंडळींना ती मनमाडला पकडणे सोयीचे पडते, तर नंदुरबारच्या लोकांनी ताप्ती मार्गाने भुसावळ गाठावे. मी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १८ सप्टेंबरला निघालो आणि परिषद २० तारखेपासून असल्यामुळे मधला एक दिवस विश्रांतीला मिळाला. हा दिवस अवश्य ठेवावा. थकलेला माणूस अनोळखी लोकांशी बोलायला जात नाही. गणेशोत्सवाच्या आसपास गाड्यांना मोठी गर्दी असते आणि १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचे आरक्षण १२०ऐवजी ६० दिवस आधी खुले होत असल्यामुळे आरक्षण खुले होण्याची तारीख दिनदर्शिकेवर आताच लिहून ठेवावी. सभागृह होसूर रस्त्यावर आहे, त्यामुळे विल्सन गार्डन भागात खोली घेतली तर सकाळच्या वाहतुकीतून सुटका होते. शिदोरीत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा होता, शिवाय घरून निघताना आईने केळी वेफर्सची सहा पाकिटे पिशवीत घातली होती. त्या पाकिटांचा उल्लेख पुढे येणार आहे.

पहिला दिवस मी वाया घालवला. वेळापत्रकावर खुणा करून एका दालनातून दुसऱ्या दालनात पळत राहिलो, प्रत्येक व्याख्यानाची टिपणे काढली आणि संध्याकाळी खोलीवर परतलो तेव्हा लक्षात आले की, दिवसभरात चहा देणाऱ्याखेरीज मी कोणाशीही बोललो नव्हतो. या परिषदेतील व्याख्यानांचे चित्रीकरण नंतर यूट्यूबवर येते आणि ते जळगावात बसून पाहता येते. एक दिवसाचा प्रवास करून मिळवायची गोष्ट व्याख्यानांच्या मधल्या वेळात, मार्गिकेत आणि जेवणाच्या रांगेत असते. परिषदांना नियमित जाणारे लोक यालाच ‘हॉलवे ट्रॅक’ म्हणतात. त्यामुळे दिवसाला आपल्या कामाशी थेट संबंध असलेली दोन किंवा तीन व्याख्याने निवडावीत आणि उरलेला वेळ मोकळा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मोकळा वेळ ठेवला तरी घोळक्यात शिरायचे कसे, हा प्रश्न उरतोच. येथे ‘पॅक-मॅन नियम’ मदतीला येतो. एरिक होल्शर यांनी मांडलेला हा नियम असा आहे की, गोल करून उभे राहणाऱ्यांनी नेहमी एका माणसाची जागा मोकळी सोडावी, म्हणजे येणाऱ्याला ते आमंत्रण वाटते. ज्या घोळक्यात अशी फट दिसेल तेथे निःशंकपणे उभे राहावे, थोडा वेळ ऐकावे आणि मग बोलावे. पायकॉन इंडिया २००९मध्ये बंगळूरलाच सुरू झाली आणि ती आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालते. त्यामुळे मंचावर बोलणारा माणूस थोड्याच वेळात आपल्या शेजारी ताट घेऊन उभा असतो आणि त्याला साहेब म्हणावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अशाच एका घोळक्यात वेफर्सचे पाकीट फोडले. त्यात कोचीचे एक गृहस्थ होते. त्यांनी चव घेतली आणि हे केरळातले नेंद्रन केळे नाही हे लगेच ओळखले. मी त्यांना आमच्याकडच्या ग्रँड नैन केळीबद्दल सांगितले, त्यावरून बोलणे खरेदीदारांच्या खात्यांकडे वळले आणि मी आमची सहा महिन्यांची डोकेदुखी त्यांच्यापुढे मांडली. अडचण अशी होती की, ‘बऱ्हाटे’ आडनावाच्या शेतकऱ्याचे खाते शोधले की कधी सापडायचे, कधी सापडायचे नाही. ‘बऱ्हाणपूर’ गावाचेही तसेच होत असे. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसत असताना संगणक मात्र ती वेगळी मानत होता. त्यातून एकाच माणसाची दोन खाती उघडली गेली आणि उचल एका खात्यावर तर वजन दुसऱ्या खात्यावर चढू लागले.

मी वाक्य पूर्ण करण्याआधीच त्यांनी वही मागितली आणि आपल्या भाषेतली अडचण समजावली. मल्याळममध्ये ‘चिल्लू’ नावाची अक्षरे आहेत आणि ती पूर्वी व्यंजन, चंद्रकला (मल्याळममधला हलन्त) व झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह अशी जोडून लिहावी लागत. २००८मध्ये युनिकोड या, संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या मानकाच्या ५.१ आवृत्तीत त्यांना स्वतंत्र संकेत मिळाले, तरी जुना मजकूर जुन्याच पद्धतीचा राहिला आणि सारखी दिसणारी दोन रूपे एकमेकांशी जुळेनाशी झाली. मराठीतल्या ‘ऱ्ह’चे दुखणे त्याच जातीचे असणार, असे त्यांनी सांगितले आणि आम्ही तेथेच लॅपटॉप उघडून पाहिले. आमच्या नोंदींत हा अर्धा र तीन प्रकारे साठवलेला होता: ‘ऱ’ हे एक अक्षर आणि हलन्त; साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि तेच न दिसणारे चिन्ह. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधील एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे साठवलेले एकच अक्षर एका ठरलेल्या रूपात आणण्याची सोय, पहिल्या दोन रूपांना एक करते, पण तिसऱ्याला हात लावत नाही. आम्ही ते सामान्यीकरण महिनाभरापूर्वीच बसवले होते आणि तरीही तक्रारी का येतात, हे कोडे त्या क्षणी सुटले.

उपायही त्यांनीच सुचवला. मजकुरातील सर्वच अदृश्य चिन्हे सरसकट काढू नयेत, कारण इतर ठिकाणी ती मुद्दाम घातलेली असू शकतात. फक्त ‘र, हलन्त, जॉइनर’ हा क्रम ओळखून त्याजागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवावा, मूळ नाव जसेच्या तसे राखावे आणि शोधासाठी शुद्ध केलेले रूप वेगळ्या रकान्यात साठवावे. हे सगळे वीस मिनिटांत झाले. जळगावात आम्ही चौघे त्यावर कित्येक रात्री बसलो होतो.

त्या बोलण्यानंतर मी माझी ओळख करून देण्याची पद्धत बदलली. पहिल्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर कोणी विचारले असता मी ‘महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावातली छोटी कंपनी’ असे म्हणालो होतो आणि बोलणे तेथेच संपले होते. नंतर मी ‘केळीच्या काट्यावर नेटवर्क नसताना चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर करतो आणि दोन फोनवर एकच पावती क्रमांक पडतो, ही आमची अडचण आहे’ असे सांगू लागलो. समोरच्याला विचारण्यासारखे काही तरी मिळते आणि तो थांबतो. पावती क्रमांकावर तीन वेगवेगळ्या लोकांनी एकच सल्ला दिला: प्रत्येक फोनला स्वतःचे ओळखचिन्ह द्यावे, क्रमांक त्याला जोडूनच पडावा आणि नोंदींचा क्रम ठरवताना फोनच्या घड्याळावर विसंबू नये. तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या कामातील दोन खऱ्या अडचणी प्रत्येकी दोन वाक्यांत लिहून, मोठ्याने वाचून पाहाव्यात. इंग्रजी अडखळत असेल तर त्याची फिकीर करू नये. तेथे हिंदीतही मनमोकळे बोलणे होते आणि मराठी माणसेही भेटतात. मी फोनवर घरी बोलत असताना मागून ‘दादा, तुम्ही जळगावचे का?’ असा आवाज आला. ती शिरपूरला शिकणारी विद्यार्थिनी होती आणि एकटीच आली होती. आता ती सुट्टीत आली की आमच्या कार्यालयात येऊन बसते आणि पावतीचा मराठी मजकूर थर्मल प्रिंटरवर चित्ररूपाने छापण्याचे काम तिनेच मार्गी लावले आहे.

विद्यार्थ्यांनी आणि खर्चाची अडचण असलेल्यांनी परिषदेच्या संकेतस्थळावर आर्थिक साहाय्याची घोषणा केव्हा होते, याकडे लक्ष ठेवावे आणि मागण्यात संकोच करू नये. कंपन्यांच्या दालनांत फार वेळ घालवू नये. तेथे टीशर्ट मिळतो, पण बोलणारा माणूस बहुधा भरतीपुरताच बोलतो.

भेट झाल्यावर लगेच, निदान त्याच संध्याकाळी, त्या माणसाचे नाव आणि नेमके काय बोलणे झाले ते कागदावर लिहावे. मी पहिल्या काही जणांचे फक्त क्यूआर स्कॅन करून ठेवले आणि परतल्यावर त्या सर्वांना एकच औपचारिक संदेश पाठवला. त्यातल्या एकाचेही उत्तर आले नाही, आणि ते योग्यच होते, कारण त्या संदेशात उत्तर देण्यासारखे काही नव्हते. ज्यांना ‘तुम्ही सांगितले तसे करून पाहिले, असे झाले’ असे आठवडाभरात कळवले, त्यांच्याशी आजही पत्रव्यवहार आहे.

कोचीच्या गृहस्थांना मी परतीच्या गाडीतूनच दुरुस्त केलेला कोड पाठवला. त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवले की, कोड ठीक आहे, पण खऱ्या नावांवर तपासल्याशिवाय तो वापरू नये. आम्ही यावलच्या एका खरेदीदाराकडून परवानगी घेऊन त्याच्या खातेवहीतील ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ असलेली सर्व नावे त्यावर चालवून पाहिली. दुहेरी उघडलेली अकरा खाती निघाली. दिवाळीपूर्वी ती एकत्र केली आणि ज्यांची उचल चुकीच्या खात्यावर दिसत होती, त्यांच्या घरी जाऊन खरेदीदाराने नव्या पावत्या दिल्या.