हीटरपायी गेलेले पाच आठवडे

आमची मॉरिस मायनर १००० आहे १९५८ सालची. कॉव्हेंट्रीत अशी गाडी बाळगणारे बहुतेक जण थंडीत तिच्यावर कव्हर टाकून मोकळे होतात. मी मात्र नोव्हेंबरातच घरात बोलून बसलो होतो, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लंडनला याच गाडीने जायचं. हिची अट एकच होती, "अहो, निदान समोरचं दिसू दे."

त्या काळी हीटर जादा पैसे मोजून घ्यावा लागे. आमच्यात स्मिथ्स कंपनीचा गोल डब्यासारखा हीटर आहे. इंजिनाचं गरम पाणी त्यातल्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे मॅट्रिक्समधून फिरतं, पंखा हवा ढकलतो आणि दोन नळ्या ती काचेखालच्या फटींपर्यंत नेतात, म्हणजे काचेवरचं धुकं जातं. पंखा फिरत होता, पण हवा गारढोण. मॅट्रिक्स चोंदलं असणार, असं मीच ठरवलं. इथेच माती खाल्ली.

डबा काढून रेडिएटर दुरुस्तीच्या एका दुकानात दिला. "मंगळवारी या." मंगळवारी कारागीर रजेवर. पुढच्या मंगळवारी नवा गाभा, म्हणजे नवं मॅट्रिक्स, मागवला होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी गाभा आला होता, पण मापाचा नव्हता. चौथ्या आठवड्यात फोनच कोणी उचलेना, म्हणून भर पावसात स्वतः गेलो, तर माझा डबा फळीवर जसाच्या तसा, माझ्याच हातची चिठ्ठी लावलेला. पाचव्या मंगळवारी डबा मिळाला आणि सोबत बिल. त्यावर लिहिलेलं: आतून धुतलं, दाब देऊन तपासलं, दोष नाही. दोष नाही! हे मला घरीच कळलं असतं. मॅट्रिक्सच्या एका तोंडाला नळाचं पाणी लावायचं आणि दुसऱ्यातून धार येते का बघायचं. दोन मिनिटांचं काम.

डबा बसवला, हवा तशीच गार. तेव्हा कुठे इंजिन तापल्यावर हीटरच्या पाइपांना हात लावून पाहिला. दोन्ही थंड. म्हणजे पाणी डब्यापर्यंत पोचतच नव्हतं. सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला हीटरचा कॉक, म्हणजे पाण्याची तोटी असते, तो गंजाच्या गाळाने बुजला होता. इंजिन गार झाल्यावर पाणी काढून तारेने टोकरला. १५ मिनिटं लागली. मग ८८ अंशांचा हिवाळी थर्मोस्टॅटही घातला, म्हणजे पाणी तेवढं तापेपर्यंत रेडिएटरकडे न सोडणारी झडप.

चाचणी मात्र रीतसर घेतली. १९७८च्या युरोपीय नियमात डीमिस्टर, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणारी सोय, उणे ३ अंशांत तपासत: गाडीत वाफ सोडायची आणि १० मिनिटांत चालकासमोरची ९० टक्के काच स्वच्छ व्हायला हवी असे. वाफ दर आसनाला तासाला ७० ग्रॅम, म्हणजे आमच्या चार आसनांना २८०. माझ्याकडे वाफेचं यंत्र कुठलं? गरम पाण्याचे दोन उघडे थर्मास आणि आम्ही दोघं. गाडी गॅरेजबाहेर काढूनच हे करा, बंद जागेत इंजिनाचा धूर जीव घेईल.

पहिल्या खेपेला काच आणखीच धुरकटली. हा हीटर बाहेरची हवा घेत नाही, आमच्याच श्वासाची ओल फिरवतो. पुढच्या छोट्या तिकोनी काचा बोटभर उघडल्या आणि सातव्या मिनिटाला माझ्या बाजूचं लख्ख दिसू लागलं. हिच्या कोपऱ्यात धुकं राहिलं, तिथे ती लंडनपर्यंत फडकं फिरवत होती.

आणि हो, गाडीत गोडसर वास आला तर मॅट्रिक्स गळतंय, तो वास कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. हीटरचा तो कॉक उन्हाळ्यात बॉनेट उघडून हातानेच बंद करायचा असतो. मी विसरलो होतो, जूनमध्ये पाय भाजून निघाले.