ना हरकत पत्र आलं, तोवर पाणकणीस करपलं होतं

ड्रोन उडवायचा असेल तर आधी जागा कोणाची ते बघा, कॅमेरा नंतर. मी उलटं केलं.

प्रबंधासाठी मला पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात जायचंय. तिथे बांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी आत शिरतं. पाणवनस्पती पिवळ्या पडायच्या आधी त्यांचा ताण ड्रोनच्या फोटोंत ओळखता येतो का, हा माझा विषय. सराव नागपुरातच करायचा ठरवला. शहराबाहेरच्या एका तळ्याकाठी 12 टबांत पाणकणीस, म्हणजे दलदलीत वाढणारी लांब पानांची वनस्पती, लावलं, त्यातल्या 6 टबांत मिठाचं पाणी. ड्रोन 2 किलोच्या आतला, नोंदणी झालेली, सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उड्डाणाची वेगळी परवानगी नको. तळं मात्र एका कार्यालयाच्या ताब्यात.

तिथे 7 आठवडे गेले. फॉर्म होता चित्रीकरणाचा. ‘कलाकारांची संख्या’ या रकान्यात मी रेघ मारली, अर्ज परत. शून्य लिहिलं, तरी परत. ‘‘खारं पाणी? नागपुरात समुद्र कुठे आहे भाऊ?’’ खिडकीवरून प्रश्न. टबांचे फोटो दाखवले, गाइडचं पत्र जोडलं. मग साहेब दौऱ्यावर, मग फाईल दुसऱ्या टेबलावर. पहिल्या दिवशी ‘‘चार दिवसांत होऊन जाईल’’ म्हणाले, म्हणून मी मीठ घालायला सुरुवात केली होती. कागद हातात येईपर्यंत तुम्ही करू नका. मिठाने मुळांना पाणी ओढता येत नाही, पानं रंध्रं मिटून घेतात, हिरवेपणा त्यानंतर उतरतो. मला हवे होते ते मधले दिवस. पत्र मिळालं तेव्हा पानं टोकापासून अर्ध्यापर्यंत तपकिरी झाली होती. ते बघायला ड्रोन कशाला हवा?

अजून राग येतो.

शेवटी काटोलच्या मामांना फोन केला. ‘‘आण ना इकडे, जागेले का कमी हाय?’’ नवी रोपं लावली, टेम्पोने टब नेले.

हो, उड्डाणाआधी आणि नंतर करड्या पॅनेलचा (त्या वेळच्या उजेडाचं माप देणाऱ्या पाटीचा) फोटो घ्यायला विसरू नका, नाहीतर दोन दिवसांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही. आणि प्रत्येक टबाची ई.सी. (विद्युतवाहकता, म्हणजे पाणी किती खारं ते) मोजा, नत्र कमी पडलं तरी पान फिकं दिसतं, फोटो कारण सांगत नाही. कोकणात ओहोटीची वेळ धरावी लागेल, पानांखालच्या पाण्याने एनडीव्हीआय (फोटोतून काढलेला हिरवेपणाचा आकडा) उगाच खाली येतो.

तिसऱ्या उड्डाणात मिठाच्या सहाही टबांचे रेड एजचे (लाल आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त यांच्या मधल्या प्रकाशाचे) आकडे उतरलेले दिसले. लॅपटॉप मिटून टबांपाशी गेलो, एकेक पान उलटून पाहिलं. सगळी हिरवीगार होती.